मेमरी वाचणारी तीन फंक्शनं आणि तिघांचे तीन करार: डीबगरमध्ये एकसारखेपणा कसा आणायचा?

निळाई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण तो थोडक्यात मांडता येईना.

आम्ही चौघं मिळून एक अंतर्गत डीबगर सांभाळतो, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत डोकावून चूक शोधायचं साधन. सी++ मधला, सहाएक वर्षं जुना. खाली तीन बॅकएंड (प्रत्यक्ष मेमरी आणून देणारे थर) आहेत: लिनक्सवरच्या चालू प्रोसेससाठी पीट्रेस ही सिस्टिम कॉल वापरणारा, कोर फाइल (प्रोग्रॅम कोसळताना साठवलेली त्याची मेमरी) वाचणारा, आणि सीरियल पोर्टवरून बोर्डावरच्या स्टबशी (तिथल्या छोट्या मदतनीस प्रोग्रॅमशी) बोलणारा रिमोट. तिन्ही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेत. तिन्हींत 'रीड_मेमरी' नावाचं फंक्शन आहे. पॅरामीटर तेच: पत्ता, बफर, लांबी. परत येतो तो इंट. वरून बघणाऱ्याला वाटावं, किती एकसारखं आहे!

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने एक कोर फाइल उघडली. त्याचा प्रोग्रॅम एक डेटा फाइल एममॅप करतो, म्हणजे मेमरीत जोडून घेतो, आणि तिच्या सुरुवातीला एक हेडर स्ट्रक्चर असतं. आमच्या डीबगरने ते छापलं: व्हर्जन ०, नोंदींची संख्या ०, चेकसम ०. एरर नाही, इशारा नाही. त्याने साहजिकच असं धरलं की कुणीतरी त्या जागेवर शून्यं लिहिली. दीड दिवस तो आपल्या प्रोग्रॅममधला प्रत्येक 'मेमसेट' (मेमरीत एकच बाइट भरणारं फंक्शन) तपासत बसला होता. शेवटी माझ्याकडे आला, आणि पुढचा अर्धा दिवस माझा गेला.

सापडलं ते असं. तिन्हींचे करार, म्हणजे जमलं की फसलं ते कसं कळवायचं याचे नियम, वेगळे. पीट्रेसवालं फंक्शन यश आलं की ० देतं, फसलं की -१. कोरवालं किती बाइट मिळाले ते देतं. रिमोटवालं जमलं तर १, नाही जमलं तर ०. आणि स्ट्रक्चर छापणारा वरचा कोड फक्त एवढंच बघतो की उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का. त्या कोर फाइलमध्ये मेमरीचा तो भाग नव्हताच, म्हणून कोरवाल्याने '० बाइट मिळाले' असं खरंखुरं उत्तर दिलं. वरच्याने ते 'काम झालं' असं वाचलं. बफर व्हेक्टरचा, म्हणजे जन्मतःच शून्यांनी भरलेला. तोच छापला गेला.

मग रिमोटकडे बघितलं तर तिथेही तेच. वाचन फसलं की ०, आणि ० म्हणजे यश. बोर्डावरून आजवर आम्ही किती खोटी शून्यं खरी मानली असतील, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. माणूस डीबगर उघडतो तेव्हा त्याचा स्वतःच्या कोडवरचा भरवसा आधीच उडालेला असतो. त्या वेळी निदान आपण दाखवतो ते तरी खरं असायला हवं ना?

हेडर फाइलमधली कमेंट काय होती तेही सांगते. "मेमरी वाचते." बस.

माझे प्रश्न असे. फसलेलं वाचन कसं कळवावं, एक्सेप्शन फेकून की स्टेटस परत करून? माहिती हेडरमध्ये लिहावी की जिथे फंक्शनचा कोड आहे तिथे? आणि हे फंक्शन १३७ ठिकाणी कॉल केलंय, ते सगळं एका दमात बदलायची माझी हिंमत नाही. सुरुवात कुठून करू?

---

अर्धविराम

निळाई, तुमचा कोड वाईट आहे असं वाटून घेऊ नका. मी बरीच वर्षं डीबगरवर काम करतोय आणि ही जखम जवळजवळ प्रत्येक डीबगरच्या अंगावर बघितलीय.

मुळातून बघू. तुमचा पीट्रेस बॅकएंड 'पीकडेटा' (पीट्रेसची मेमरी वाचायची मागणी) वापरत असेल तर ग्लिबसी या सी लायब्ररीतलं ते फंक्शन वाचलेला शब्द (मेमरीतला ठरावीक आकाराचा आकडा) हाच रिटर्न व्हॅल्यू म्हणून देतं. आता मेमरीत खरोखरच -१ असेल तर? ते यश आहे की अपयश, हे नुसत्या उत्तरावरून कळायला मार्ग नाही. म्हणून कॉल करण्याआधी एररनो (शेवटची चूक नोंदवणारं व्हेरिएबल) शून्य करायचा आणि नंतर तो तपासायचा. मॅन पेजवर हे स्वच्छ लिहिलंय. गंमत बघा, खालची सिस्टिम कॉल असं करत नाही. ती शब्द तुम्ही दिलेल्या पत्त्यावर ठेवते आणि यश-अपयश वेगळं सांगते. म्हणजे वरच्या वेष्टनाने दोन गोष्टी एका आकड्यात कोंबल्या आणि पुढच्या प्रत्येकाच्या पायात काटा ठेवला. माहिती उत्तम लिहिली म्हणून इंटरफेस सुधारत नाही, पण निदान काटा कुठे आहे ते कळतं.

जीडीबी या प्रसिद्ध डीबगरमध्येही बघा. 'रीड_मेमरी' फसलं तर एरर फेकतं. 'टार्गेट_रीड_मेमरी' फसलं तर शून्य नसलेलं उत्तर देतं, एरर फेकत नाही. आणि 'टार्गेट_रीड' किती बाइट आले ते सांगतं. नावं एकमेकांच्या सख्ख्या बहिणींसारखी, वागणं तीन तऱ्हांचं. तिन्हींची गरज आहे हे मी मान्य करतो, पण नवा माणूस पहिल्या महिन्यात इथे एकदा तरी ठेचकाळतो.

यातून मी जे शिकलो ते सांगतो. मेमरी वाचण्याच्या गरजा दोनच प्रकारच्या असतात. एक, 'मला ६४ बाइट हवेत, सगळे नसतील तर काहीच नको'. स्ट्रक्चर छापताना हे लागतं. दुसरी, 'जेवढे मिळतील तेवढे दे'. स्ट्रिंग वाचताना किंवा मेमरीचा मोठा तुकडा डंप करताना हे लागतं. या दोन गरजांना दोन वेगळी नावं द्या. 'रीड_सगळं' आणि 'रीड_मिळेल_तेवढं' असं काहीही चालेल, पण नाव वाचूनच कळलं पाहिजे. एकाच नावाने दोन्ही कामं करायला गेलात की कॉल करणारा आपल्या सोयीचा अर्थ काढणार.

आणि बॅकएंडांना यातलं काहीही स्वतः ठरवू देऊ नका. बॅकएंडाने फक्त एक छोटं काम करायचं: या पत्त्यापासून एका खेपेत जमेल तेवढं वाच, स्टेटस परत कर, आणि किती वाचलं ते वेगळ्या पॅरामीटरमध्ये ठेव. जीडीबीच्या तळाशी आज हेच आहे. 'एक्सफर_पार्शल' एक ईनम, म्हणजे ठरलेल्या नावांपैकी एक किंमत, परत करतं: ठीक, संपलं, उपलब्ध नाही, आयओ एरर. लांबी पॉइंटरमधून वेगळी येते. पूर्वी हे सगळं एकाच आकड्यात येत असे, ते मुद्दाम मोडून वेगळं केलं. पुन्हा पुन्हा वाचून ६४ पुरे करणारं लूप मग सामाईक कोडमध्ये एकदाच लिहायचं.

'आयओ एरर' आणि 'उपलब्ध नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. तुमच्या कोर फाइलच्या किश्शात नेमकं हेच झालंय. लिनक्स कोर लिहिताना काय घ्यायचं ते प्रोसेसच्या 'कोरडंप_फिल्टर'वरून ठरवतो, आणि नेहमीच्या मांडणीत फाइलवरून प्रायव्हेट एममॅप केलेला भाग त्यात येत नाही. त्या भागाची नोंद कोर फाइलमधल्या प्रोग्रॅम हेडरमध्ये (मेमरीच्या भागांच्या यादीत) असते. मेमरीतला आकार पुरा लिहिलेला असतो, फाइलमधला आकार शून्य असतो. म्हणजे पत्ता वैध होता, प्रोसेसला तिथे डेटा दिसत होता, फक्त तो आपल्याकडे नाही. वापरणाऱ्याला 'हा पत्ता चुकीचा आहे' असं सांगणंही खोटंच ठरेल. 'हा भाग कोर फाइलमध्ये साठवलेला नाही' हेच खरं उत्तर.

आणखी एक सापळा आहे, तो मात्र आजच तपासा. एक्झिक्युटेबल लोड करताना 'मेमरीतला आकार मोठा, फाइलमधला छोटा' याचा अर्थ उरलेल्या जागी शून्यं भरा असा असतो, बीएसएससाठी (सुरुवातीची किंमत न दिलेल्या व्हेरिएबलांच्या जागेसाठी). कोर फाइलमध्ये त्याच दोन आकड्यांचा अर्थ 'उरलेलं साठवलं नाही' असा होतो. कुणी एल्फ (लिनक्सवरच्या प्रोग्रॅम फाइलींचा साचा) लोडरमधला कोड उचलून कोर वाचणाऱ्यात टाकला असेल, तर वरचा करार कितीही सुधारलात तरी तुम्हाला पुन्हा शून्यंच दिसतील, आणि या वेळी यशाच्या शिक्क्यासकट.

माहिती कुठे लिहावी? जाहीर फंक्शनची हेडरमध्ये, एकदाच. जीडीबीत शिस्त अशी आहे की पूर्ण कमेंट हेडरमध्ये, आणि कोडच्या डोक्यावर फक्त 'टार्गेट.एच पाहा' एवढी ओळ. फाइलपुरत्या स्टॅटिक फंक्शनची कमेंट मात्र त्याच्यापाशीच. दोन ठिकाणी लिहिलंत की सहा महिन्यांत दोन्ही कमेंटा वेगळं बोलायला लागतात आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.

काय लिहावं, तर फंक्शनच्या सहीवरून (नाव, पॅरामीटर, रिटर्न टाइप) जे कळत नाही ते. 'मेमरी वाचते' हे नावावरूनच कळतं. मी लिहिली असती तर अशी:

> पत्ता या ठिकाणापासून बरोबर लांबी इतके बाइट बफरमध्ये वाचते. सगळे मिळाले तरच 'ठीक'. नाही तर कारण परत करते आणि बफरमध्ये जे असेल त्यावर विसंबू नये. पत्ता लोड झाल्यानंतरचा, फाइलमधला नव्हे. आपण घातलेले ब्रेकपॉइंट झाकून मूळ बाइट देते; मेमरीत जसं आहे तसं हवं असेल तर 'रीड_कच्चं' वापरा. थ्रेड थांबलेला असला पाहिजे. एक्सेप्शन फेकत नाही.

यातलं प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी वाया गेलेल्या दिवसातून आलंय. ब्रेकपॉइंटचंच घ्या. एक्स८६ प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) म्हणजे मूळ बाइटच्या जागी लिहिलेला सीसी हा बाइट. आमच्याकडे 'मेमरीतला कोड आणि फाइलमधला कोड जुळतो का' हे तपासणारी कमांड होती. ती एकदा सांगायला लागली की तीन ठिकाणी एकेक बाइट बदललाय. प्रोग्रॅम स्वतःचा कोड बदलतोय अशी शंका घेऊन आम्ही आठवडाभर मागे लागलो. ते तीन बाइट आमचेच तीन ब्रेकपॉइंट होते. कमांड लिहिणाऱ्याने कच्चं वाचणारं फंक्शन उचललं होतं, कारण दोन्हींवरच्या कमेंटा अक्षरशः सारख्या होत्या.

---

पाऊलवाट

अर्धविराम यांच्याशी सहमत. एक्सेप्शनचा प्रश्न मात्र राहून गेला, त्यावर लिहितो.

माझं मत ठाम आहे: खालच्या थरात एक्सेप्शन नको. एक्सेप्शन अनपेक्षित गोष्टीसाठी असतं, आणि डीबगरमध्ये वाचन फसणं हे रोजचंच. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर थांबा, लोकल व्हेरिएबल छापा, त्यातले निम्मे पॉइंटर कचरा असतात. वीस व्हेरिएबलपैकी तिसरं वाचता आलं नाही म्हणून उरलेली सतरा दिसेनाशी व्हावीत हे बरोबर नाही. त्या एका ओळीवर 'वाचता येत नाही' असं यावं आणि यादी पुढे जावी. एक्सेप्शन कमांडच्या पातळीवर ठेवा, जिथे वापरणाऱ्याला एक वाक्य दाखवून प्रॉम्प्टवर परत यायचं असतं.

दुसरं कारण व्यवहाराचं. तुमच्या कोडला सीमधून उलटा कॉल येत असेल, जसं रीडलाइन या कमांडची ओळ वाचणाऱ्या लायब्ररीतून, तर त्या सीमेपलीकडे एक्सेप्शन जाऊ देता येत नाही. जीडीबी आधी सीमध्ये होता आणि एररसाठी सेटजंप-लाँगजंप (सीमधली दूरची उडी) वापरत असे, ८.० पासून तो बांधायला सी++११ कंपायलर लागू लागला. सी++ एक्सेप्शन आल्यावर रीडलाइनपाशी त्यांना मुद्दाम अडवून पलीकडे पुन्हा फेकावं लागलं. म्हणून कमेंटमधलं 'एक्सेप्शन फेकत नाही' हे वाक्य शोभेचं नाही, आणि कंपायलरला कळावं म्हणून तिथे 'नोएक्सेप्ट'ही लावा.

आता तुमची १३७ ठिकाणं. एक गोष्ट चुकूनही करू नका: तेच नाव ठेवून अर्थ बदलणं. आज ० म्हणजे यश आणि उद्यापासून ० म्हणजे अपयश असं केलंत तर कंपायलर गप्प बसेल आणि जुने कॉल निमूट उलटे वागतील. नवं नाव घ्या आणि स्टेटससाठी 'ईनम क्लास' करा. तो आपोआप इंट होत नाही, त्यामुळे 'शून्यापेक्षा कमी आहे का' असली जुनी तपासणी कंपाइलच होणार नाही. त्यावर 'नोडिस्कार्ड' लावा, म्हणजे उत्तर न बघता पुढे जाणाऱ्याला निदान वॉर्निंग येईल. जुनं फंक्शन नव्याभोवतीचं पातळ वेष्टन म्हणून राहू द्या आणि त्याला 'डेप्रिकेटेड' (आता वापरू नये) म्हणा. मग एकेक फाइल हाती घ्या. आधी छापणाऱ्या जागा, कारण खोटं तिथून बाहेर पडतं.

टाइपचा फायदा पत्त्यांनाही मिळतो. फाइलमधला पत्ता आणि लोड झालेला पत्ता, दोन्ही ६४ बिटांचे आकडे. चुकून एकाच्या जागी दुसरा गेला तर कुणी अडवत नाही. जीडीबीने अलीकडे यासाठी 'अनरिलोकेटेड_ॲडर' हा वेगळा टाइपच केला. कमेंटमध्ये लिहायची जी गोष्ट टाइपमध्ये बसते ती टाइपमध्येच बसवा. कमेंट वाचायची राहून जाते, कंपाइल मात्र करावंच लागतं.

---

कोनाडा

थोडंच लिहितो, टेस्टविषयी.

करार एक केलात तर त्याची टेस्टही एकच ठेवा आणि ती तिन्ही बॅकएंडांवर चालवा. आमची सगळ्यात उपयोगी टेस्ट अशी: छोटा प्रोग्रॅम दोन पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) एममॅप करतो, पहिलं पान ओळखीच्या बाइटांनी भरतो आणि दुसरं मनमॅप करतो, म्हणजे काढून टाकतो. मग पहिल्या पानाच्या शेवटाच्या ४० बाइट अलीकडून ६४ बाइट मागायचे. 'सगळं'वाल्याने नकार दिला पाहिजे, 'मिळेल तेवढं'वाल्याने बरोबर ४० दिले पाहिजेत. बफर आधी शून्यांनी नाही, एए सारख्या बाइटने भरा. तुमचा किस्सा शून्यांमुळेच लपला होता.

दुसरं पान एमप्रोटेक्टने (वाचायची परवानगी काढून) बंद करू नका. मी तसंच केलं होतं आणि टेस्ट पास होईना. डीबगर पीट्रेसमधून किंवा प्रोसेसच्या मेम फाइलमधून वाचतो तेव्हा कर्नल वाचायची परवानगी नसलेलं पानही देतो. पान खरोखर नाहीसंच झालं पाहिजे.

रिमोटसाठी: तुमचा स्टब जीडीबीचा प्रोटोकॉल बोलत असेल तर 'एम' पॅकेटला मागितल्यापेक्षा कमी बाइट देण्याची मुभा आहे. तुमचं १ किंवा ० देणारं फंक्शन त्या वेळी काय करतं ते बघा.

---

निळाई

तिघांचेही मनापासून आभार. दोन दिवसांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

एल्फ लोडरची शंका खरी निघाली. कोर वाचणाऱ्यात दुसऱ्या एका वाटेवर नेमका तोच उचललेला कोड होता. सेगमेंट अर्धवट साठवलेला असेल तर उरलेलं शून्यांनी भरून 'सगळे बाइट मिळाले' असं सांगत होता. परवाच्या प्रकरणात तो लागला नाही, कारण तिथे सेगमेंट पूर्णच गायब होता. तो काढला.

कोनाडा यांची टेस्ट लिहिली. पीट्रेस 'सगळं'मध्ये पास, 'मिळेल तेवढं'मध्ये नापास: ४० च्या ऐवजी ० देत होता, कारण लूप मध्येच फसलं की आधी वाचलेलंही टाकून देत होतं. रिमोट दोन्हींत नापास. स्टबने ४० बाइट पाठवले, आमच्या कोडने ते बफरमध्ये ठेवले आणि १ परत केला. बफरमधले शेवटचे २४ बाइट एए, एए, एए. ते स्क्रीनवर बघताना बोर्डावरच्या जुन्या तक्रारी डोळ्यांसमोर आल्या. त्यातल्या दोन मी 'हार्डवेअरचा दोष' म्हणून बंद केल्या होत्या. त्या आज पुन्हा उघडल्या आणि ज्यांनी नोंदवल्या होत्या त्यांना तसं कळवलं.

नवा ईनम आणि दोन नवी फंक्शनं हेडरमध्ये आली. अर्धविराम यांची कमेंट जवळजवळ जशीच्या तशी घेतली, एक ओळ वाढवली: 'लांबी शून्य असेल तर काहीही न वाचता ठीक'. कारण हा प्रश्न टीममध्ये लगेच दोघांनी विचारला आणि तिन्ही बॅकएंडांचं उत्तर वेगळं होतं. छापणाऱ्या २२ जागा बदलल्या. ११५ राहिल्या.

त्याच कोर फाइलवर तेच स्ट्रक्चर आता असं छापलं जातं: 'हा भाग कोर फाइलमध्ये साठवलेला नाही'. सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, मग मूळ डेटा फाइल डिस्कवर असेल तर तिच्यातून वाचून दाखवता येईल का? येईल असं वाटतं. पण ते बाइट कोरमधले नाहीत, डिस्कवरचे आहेत, आणि फाइल मधल्या काळात बदललेली असू शकते. हे कॉल करणाऱ्याला कळवायला स्टेटसमध्ये पाचवी किंमत घालावी की वेगळं फंक्शन करावं, यावर कुणी काम केलं असेल तर ऐकायला आवडेल.